कॅमेरा उघडू नका, ताई

मागच्या वेळी मी कर्जाच्या हप्त्यांवर बोलले होते. आजचा विषय अगदीच वेगळा आहे, पण तोही तुमच्याच घरातून आलाय.

आपल्याकडे माणदेशात सध्या घरकुलांची कामं निघालीत. जुनी घरं उतरवली जातायत, माळ्यावरच्या ट्रंका खाली येतायत आणि त्या ट्रंकांतून कॅमेरे निघतायत. याशिका, कोडॅक, कुठे पट्टा तुटलेला, कुठे पाकिटाला वाळवी लागलेली. मुंबईला नोकरीला असलेल्या भावानं, दिरानं कधीकाळी हौसेनं घेतलेले. गेल्या वर्षभरात वेगवेगळ्या गटांतल्या पाच जणींनी मला विचारलं, "ताई, यात रोल तसाच राहिलाय. काय करू?"

पहिलं उत्तर असं, की काहीच करू नका. मागचं झाकण उघडून "बघू तरी रोल आहे का" असं तर मुळीच करू नका. रोल आहे की नाही ते न उघडता कळतं. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला डावीकडे रोल गुंडाळायची छोटी दांडी असते. ती बाणाच्या दिशेनं अगदी हलक्या हातानं फिरवून बघा. सैल फिरली तर बहुतेक आत काही नाही. ताण लागला तर रोल आहे, मग तिथेच थांबा. कुणी आधीच झाकण उघडलं असेल तर ते लगेच बंद करा आणि आशा सोडू नका. वरचे वेढे जळतात, पण आतल्या वेढ्यांना वरच्यांची थोडी सावली मिळते. त्यातलं काही वाचूही शकतं.

आता हे असं का, ते सांगते. रोल म्हणजे प्लास्टिकची लांब पट्टी. रुंदीला दीड इंचालाही थोडी कमी आणि छत्तीस फोटोंची असेल तर लांबीला पाच-सव्वापाच फूट. तिच्यावर चांदीच्या क्षारांचा लेप असतो आणि त्याला उजेड लागला की तो बदलतो. फोटो काढताना उजेड आत येतो तो सेकंदाच्या शंभराव्या, सव्वाशेव्या भागाइतकाच. तेवढ्यात चित्र उमटतं, पण ते दिसत नाही. रसायनात धुतल्यावरच दिसतं, म्हणून तर आपण "रोल धुवायला टाकला" म्हणायचो. इतक्या क्षणभराच्या उजेडानं चित्र होत असेल, तर ट्यूबलाइटखाली झाकण उघडून पाचपर्यंत आकडे मोजले तर काय होईल, तुम्हीच ठरवा.

आणखी एक समज काढून टाकायला हवा, तो लाल दिव्याचा. सिनेमात फोटोवाला लाल दिव्याखाली काम करताना दिसतो, त्यामुळे लाल उजेड चालतो असं सगळ्यांना वाटतं. तो चालतो फोटोच्या कागदाला, कारण त्या कागदाला लाल रंग दिसत नाही. कॅमेऱ्यातल्या नेहमीच्या रोलला मात्र सगळे रंग दिसतात, लालसुद्धा. आपल्याच एका मैत्रिणीचा रोल तालुक्याच्या एका दुकानातल्या पोरानं लाल बल्ब लावून उघडला. पोराचा हेतू चांगलाच होता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. रोल सगळा काळाकुट्ट निघाला. तिच्या बहिणीच्या डोहाळजेवणाचे फोटो होते त्यात.

मला हे कसं ठाऊक, असं विचाराल. माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. रंगीत रोल ते शहरात पाठवायचे, पण ओळखपत्राचे काळे-पांढरे फोटो घरीच धुवायचे. सुट्टीत मी त्यांच्या अंधारखोलीत बसायचे आणि तिथेच रोल भरायला शिकले. तेव्हा उटीच्या सरकारी कारखान्याचा 'इंदू' रोल मिळायचा, आता तो कारखानाही नाही आणि मामांचा स्टुडिओही नाही. त्यांचा टँक आणि चकरी मात्र माझ्याकडे आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, शहरातल्या लॅबला द्यावा की. जरूर द्यावा. मोठ्या शहरांत अजून मोजक्या लॅब रंगीत रोल धुतात आणि नवा रोल असेल तर मी तेच सांगेन. पण वीस-तीस वर्षं पत्र्याच्या ट्रंकेत तापलेला रोल वेगळा. त्याचे रंग बहुतेक बिघडलेले असतात. असा रंगीत रोल काळ्या-पांढऱ्याच्या रसायनात धुतला तर रंग मिळत नाहीत, ते नंतरही परत येत नाहीत. पण चेहरा मिळण्याची शक्यता वाढते. आणि हे काम घरी करता येतं. त्यात खरी अवघड गोष्ट एकच आहे. रोल डबीतून काढून चकरीवर चढवायचा आणि टँकचं झाकण लावायचं. तेवढंच पूर्ण अंधारात करायचं असतं. सरावलेल्या हाताला पाच मिनिटं लागतात. झाकण लागलं की दिवा लावा, पुढचं सगळं उजेडात होतं.

आमच्या एका गटातल्या काकूंचं सांगते. वय साठीच्या पुढे, वाती वळून विकतात. त्यांच्या भावाच्या कॅमेऱ्यात रोल निघाला, आकडा एकोणीसवर थांबलेला. भाऊ नाही आता. काकूंना पक्कं आठवत होतं, की गावच्या यात्रेत त्यानं फोटो काढले होते आणि आई तेव्हा होती. त्याच पावसाळ्यात आई गेली. त्यांच्या आईचा एकही फोटो नाही. आपल्या कितीतरी बायकांचा आयुष्यातला पहिला फोटो निघाला तो मतदार ओळखपत्राचा आणि ती ओळखपत्रं आली १९९३ नंतर. काकूंची आई त्याआधीच गेली. कागदावर तिचा म्हणून फक्त सोसायटीच्या वहीतला अंगठा.

काकू मला म्हणाल्या, "पोरी, तूच कर." मी म्हटलं, करते. पण दुसऱ्या दिवशी मला वाटलं, हे काम यांच्याच हातांचं आहे. दिवसाला हजारभर वाती वळणारी बाई हाताकडे कुठे बघते? ती टीव्ही बघते, सुनेशी बोलते, हात आपले चालू. अंधारात रोल भरायला असेच हात लागतात. शिकले-सवरलेले लोक इथे अडतात, कारण त्यांना बघितल्याशिवाय करता येत नाही. काकू आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बिघडला तर माझ्या हातानं बिघडेल, कुणाला बोल नाही." आणि तयार झाल्या.

आता चकरी कशी असते ते ऐका. प्लास्टिकच्या दोन तबकड्या समोरासमोर आणि दोन्हींच्या आतून चकलीसारखी गोल गोल जाणारी खाच. पट्टीच्या दोन्ही कडा त्या खाचांत बसतात. हे कशासाठी? चकलीचे वेढे एकमेकांना चिकटले तर मध्ये कच्ची राहते ना, तसंच इथे. पट्टी पट्टीला चिकटली तर तिथे रसायन पोहोचत नाही आणि तेवढं चित्र कायमचं जातं. खाचेच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना बोटाला लागतील असे उंचवटे असतात. ते समोरासमोर आणायचे, पट्टीचं टोक आत सरकवायचं आणि चार बोटं पुढे ओढायचं. खाचेत छोट्या पोलादी गोळ्या असतात, त्या पट्टी मागे जाऊ देत नाहीत. मग दोन तबकड्या दोन हातांत धरून आळीपाळीनं पुढे-मागे फिरवायच्या. पूर्ण फिरवायच्या नाहीत. ताक घुसळताना रवी कशी थोडी इकडे, थोडी तिकडे फिरते, तसं. पट्टी आपोआप आत ओढली जाते.

सरावासाठी एक वाया गेलेला रोल लागतो. जुन्या स्टुडिओवाल्याकडे मागा, मिळतो. काकूंना मी पहिले दोन दिवस तो उजेडात, डोळे उघडे ठेवून भरायला लावला. मग डोळ्यांना पदर बांधून. मग रात्री दिवा मालवून. पदर बांधून जमतं आणि खऱ्या अंधारात जमत नाही असं होतं, हे लक्षात ठेवा. अंधारात माणूस उगाच घाईला येतो. चौथ्या दिवशी काकूंनी तिनदा न अडता भरला आणि आपणहून म्हणाल्या, "आता आण."

खोली कोणती? आम्ही काकूंच्या जुन्या घरातली धान्याची खोली घेतली, तिला खिडकीच नाही. तुमच्याकडे न्हाणी असेल तर तीही चालेल, पण जमीन आणि भिंत कोरडी हवी. रात्रीच करा. दाराच्या फटीला गोधडी लावा, कौलाच्या भोकांना जुनं धडुतं. आणि मग दिवा मालवून दहा मिनिटं नुसत्या बसा. आत गेल्या गेल्या सगळंच काळं वाटतं. डोळे सरावले की उजेड कुठून येतो ते दिसायला लागतं. मांडीवर पांढरा रुमाल ठेवा. दहा मिनिटांनी तो रुमाल पुसटसाही दिसला तर ती खोली उपयोगाची नाही. आम्हाला दाराच्या कडीच्या भोकातून रस्त्यावरच्या दिव्याची सुईएवढी तिरीप दिसली. त्यात कणकेचा गोळा बसवला. भारनियमनाला आपण एरवी शिव्या देतो, पण त्या रात्री वीज गेली असती तर बरंच झालं असतं.

मोबाइल बाहेर ठेवायचा. बंद करून नव्हे, खोलीच्या बाहेर. अंधारात चमकणारे काटे असतील तर घड्याळही बाहेर. इन्व्हर्टरचा, टीव्हीचा लाल ठिपका आठवणीनं झाका. आणि बांगड्या काढायच्या. काकू बांगड्या काढायला कां-कूं करत होत्या, मग मनगटाच्या वर सरकवून त्यावर रुमाल घट्ट बांधला. काचेची बांगडी पट्टीवर घासली की ओरखडा उठतो आणि तो ओरखडा नेमका चेहऱ्यावर येतो. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा, तेल-हळद काही नको.

वस्तू मांडण्याची शिस्त इथे फार महत्त्वाची. खाली चादर, तिच्यावर डावीकडून उजवीकडे ज्या क्रमानं लागतील त्या क्रमानं ठेवायच्या. कॅमेऱ्यातून गुंडाळून काढलेली रोलची डबी, बाटली उघडायचा ओपनर, बोथट टोकाची कात्री, चकरी, टँकची मधली पोकळ काळी नळी, टँक, झाकण. वापरलेली वस्तू पुन्हा तिथेच ठेवायची. कात्री मांडीखाली गेली की अंधारात ती शोधताना हातातलं सगळं सुटतं. त्या काळ्या नळीचं विसरू नका. झाकणाच्या मधून रसायन ओतायला भोक असतं. नळी नसेल तर झाकण लावूनही तिथून उजेड आत शिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

जिथे खोली मिळत नाही तिथे दुहेरी कापडाची काळी पिशवी वापरतात, तिला हात घालायला लवचिक बाह्या असतात. मामा लग्नाच्या घरी तीच न्यायचे. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाच मिनिटांत आत घाम सुटतो आणि ओलसर पट्टी खाचेत चिकटते. मला खोलीच बरी वाटते.

तर त्या रात्री काकू आणि मी आत बसलो. काकूंनी ओपनरनं डबीचं टोपण उचकलं. आतली फिरकी काढून पट्टीचं टोक शोधलं. सुरुवातीचा भाग जिभेसारखा अरुंद असतो, तो कापून टोक सरळ केलं आणि दोन्ही कोपरे अगदी नखभर छाटले, म्हणजे ते खाचेत अडकत नाहीत. पट्टी फक्त कडांना धरायची, मध्ये बोट लावायचं नाही. मग तबकड्यांचा कट-कट आवाज सुरू झाला. मी त्या आवाजावरच सगळं ओळखत होते. अर्धी पट्टी आत गेली असेल आणि आवाज थांबला.

अडकली. इतकी वर्षं गुंडाळी होऊन पडलेली पट्टी, तिला वळ बसलेला. अशा वेळी जोर लावला की पट्टी मुडपते आणि तिथे चंद्रकोरीसारखा डाग पडतो, किंवा ती खाच सोडून बाजूच्या वेढ्यावर चढते. काकूंनी जोर लावला नाही. "अडलं गं," एवढंच म्हणाल्या. मी सांगितलं, काही नाही, एक वेढा मागे घ्या, तबकडी तळहातावर हलकी आपटा. ते करूनही जमलं नाही तर काय करायचं तेही आमचं आधीच ठरलं होतं. चकरी, लोंबणारी पट्टी, सगळं हळूच टँकमध्ये ठेवायचं, नळी घालून झाकण लावायचं, दिवा लावायचा, पाणी प्यायचं, हात पुसायचे आणि मग पुन्हा दिवा मालवून नव्यानं सुरुवात. थांबायची ही सोय आहे हे माहीत असलं की हात थरथरत नाहीत. पण त्याची वेळ आली नाही. दोनदा आपटल्यावर पुन्हा कट-कट सुरू झालं.

शेवटी पट्टी फिरकीला चिकटपट्टीनं लावलेली असते. ती ओढून काढायची नाही, कात्रीनं कापायची. झटक्यात ओढली तर तिथे विजेची बारीक ठिणगी उडते, तेवढीही नको. मग चकरी नळीवर, नळी टँकमध्ये, झाकण फिरवून बसल्याचा आवाज येईपर्यंत. काकूंनी झाकण दोनदा चाचपलं आणि म्हणाल्या, "लाव दिवा." मी आणखी एकदा चाचपून मगच लावला.

धुण्याचं थोडक्यात सांगते, त्यावर वेगळं बोलता येईल. आधी डेव्हलपर, मग साधं पाणी, मग हायपो. काळ्या-पांढऱ्याला रसायन साधारण वीस अंशाचं लागतं आणि आपलं उन्हाळ्यातलं पाणी तिसाच्या घरात असतं. म्हणून माठातलं पाणी, बर्फाचे खडे. घरातला तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो पस्तिसाच्या पुढचंच दाखवतो. वेळेचं कोष्टक रसायनाबरोबर येतं, जुन्या रोलला थोडी जास्त वेळ देतात. स्वयंपाकाची भांडी वापरू नका, हातमोजे घाला, लेकरांना लांब ठेवा आणि उरलेला हायपो परड्यात ओतू नका, त्यात रोलवरची चांदी उतरलेली असते. शेवटच्या धुण्याला नळ सोडून ठेवायची गरज नाही, हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याला पाण्याची किंमत माहीत आहे. टँक पाण्यानं भरायचा, पाच वेळा उलटा-सुलटा करायचा, ओतायचा. पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. एका रोलच्या टँकला साधारण तीनशे मिलिलिटर लागतं, म्हणजे लिटरभर पाण्यात काम होतं.

काकूंच्या रोलवर सात चित्रं निघाली. बाकी धुरकट. निगेटिव्ह दोरीवर चिमट्यानं टांगून रात्रभर वाळवली. सकाळी एका मोबाइलचा पडदा पांढरा करून त्यावर धरली, दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढला आणि नातवानं त्यात काळ्याचं पांढरं केलं. बैलगाडी होती, पालखीची काठी होती, भाऊ स्वतः कुठेच नव्हता, कॅमेरा त्याच्या हातात ना. दोन फोटोंत आई. एकात पाठमोरी. दुसऱ्यात गाडीच्या चाकापाशी बसलेली, डोक्यावर पदर, उन्हानं डोळे बारीक केलेले. काकू पहिल्यांदा एवढंच म्हणाल्या, "एवढी बारीक होती व्हय?" मग नातवाला म्हणाल्या, मोठा कर. तो म्हणाला, आजी, ही तर तुझ्यासारखीच दिसते.

आता काकू माझ्याबरोबर बसतात. दोन गावांतले तीन रोल त्यांनी भरले. एकात काहीच निघालं नाही, कोरा. तसंही होतं. म्हणून आणणारीला आम्ही आधीच सांगतो, की आत काय आहे ते आम्हालाही माहीत नाही. पैसे फक्त रसायनाचे घेतो. पुढे यातून काही धंदा उभा राहील का, असं गटाच्या बैठकीत विचारलं गेलं. मला तसं वाटत नाही. जुने रोल संपत जाणार. पण शहरातली तरुण मुलं हौसेनं पुन्हा रोलचे कॅमेरे वापरायला लागलीत, तेव्हा अगदीच नाही असंही म्हणवत नाही.

फोटो आणि कॅमेरा हे पुरुषांचं काम, असं कुणी म्हणालं तर होमाई व्यारावाला यांचं नाव सांगा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जायचे. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या.

एका श्रोतीनं पत्रातून विचारलंय, की त्यांच्याकडे चौकोनी 'अ‍ॅग्फा क्लिक थ्री' आहे, त्यात रुंद रोल आहे, त्याला डबी नाही. ताई, त्या रोलला मागून काळा कागद असतो. कॅमेऱ्याची कळ फिरवत राहा. ताण सुटून ती मोकळी फिरायला लागली की सगळा रोल कागदात गुंडाळला गेला असं समजा. तरी उघडताना सावलीतच उघडा आणि गुंडाळी सैल होऊ न देता लगेच रबर लावा. भरताना अंधारात आधी कागद उलगडत जायचा, मग बोटाला त्याखाली पट्टी लागते. तिची एक कड कागदाला चिकटवलेली असते, ती हळूच सोडवायची. चकरीच्या तबकड्या ओढून रुंद करता येतात, त्यामुळे टँक तोच चालतो. फक्त ही पट्टी जास्त रुंद आणि पातळ असते, मुडपते लवकर. काकूंना आधी सराव करायला सांगते. तोवर रोल कोरड्या डब्यात, उन्हापासून लांब ठेवा. गुरुवारी दुपारी तीननंतर आम्ही दोघी गटाच्या कार्यालयात असतो.